मधातलं पाणी

मी ‘मधात’ म्हणते.
पुण्याचे पाटणकर साहेब दर वेळी हसतात,
मधात माशी पडते मॅडम, ‘मध्ये’ म्हणा.
पण आमच्या झरी-वणीकडे
दोन धुऱ्यांच्या मधात बोरी असते,
दोन घरांच्या मधात बोळ,
आणि आज रात्री
मड आणि सिमेंटच्या मधात
सहा हजार लिटर स्पेसर जायचा आहे.

विहीर सहाशे बारा मीटर. पाण्याची नाही,
कोळशात कोंडलेल्या वायूची.
गावातल्या बाया विचारतात, पानी लागलं का वं?
मी सांगते, तुमच्या पाण्याला काही लागू नये
म्हणूनच तर ही रात्र.
त्यांना पटत नाही.
मलाही पटायला दोन वर्षं लागली.

कंटेनरमधल्या टेबलावर
संध्याकाळीच बरणीत ढवळून पाहिलं :
अर्धा मड, अर्धं सिमेंट.
दोघंही आपापल्या जागी वाहते, शहाणे,
मापात बसणारे.
भेटले, आणि पिठल्याचा झुणका झाला.
काचेची कांडी उभीच राहिली त्यात.
सहाशे मीटर खाली असं झालं
तर पंप नुसता कण्हेल.

म्हणून हा तिसरा.
मडपेक्षा जड, सिमेंटपेक्षा हलका,
थोडा साबण, थोडा डिंक, वजनापुरता बाराइट,
आणि ओळखू यावा म्हणून चिमूटभर गुलाबी रंग.
त्यानं पुढे जायचं,
पाइपाची पाठ घासायची, खडकाची भिंत धुवायची,
मागून येणाऱ्याला चिकटायला जागा करून द्यायची.
स्वतः कुठंच चिकटायचं नाही.

बाराइटचा ट्रक पाटणबोरीला पंक्चर.
टाकीत तीनच हजार.
रात्रीचे दोन.
इस्राईलभाई पंपावरून ओरडले,
‘सुकेशनी मॅडम, निम्म्यात भागते ना, कोन पाह्यते खाली?’
पाटणकर साहेबांनी घड्याळ पाहिलं.
रिगचं भाडं तासावर चालतं, माणसाचं महिन्यावर.
मी म्हटलं, दहा मिनिटं.
भिंतीला दहा मिनिटं हात लागला पाहिजे त्याचा.
पाच मिनिटांत आपण तोंड तरी धुतो का साहेब?

कुणी काही बोललं नाही.
जनरेटर तेवढा बोलत राहिला.

बसल्या बसल्या मला दागोजी आठवले, आईच्या गावचे.
सोयरीक त्यांच्याशिवाय जुळायची नाही.
इकडचा शब्द तिकडे नेताना
वाटेत धुऊन न्यायचे.
‘पोरगी काळी आहे’ निघायचं,
‘पोरगी कामाची आहे’ पोचायचं.
लग्नाच्या दिवशी मात्र
मांडवाबाहेर पत्रावळी मोजत बसलेले.
पत्रिकेत नाव नाही.
मी एकदा विचारलं तर म्हणाले,
माहं काम झालं ना पोरी, आता मी आत काहाले?

पावणेपाचला ट्रक आला.
साडेसहाला पंप सुरू. मी आकडे वाचत गेले.
पाइपातून खाली, तळाशी वळण,
बाहेरच्या फटीतून वर.
चाळणीवर आधी तोच जुना तपकिरी मड,
मग पातळ,
मग दोन पोरं एकदम ओरडली : गुलाबी!
लग्नातल्या गुलालासारखं काही नाही हो,
खोकल्याच्या औषधासारखा रंग तो.
पण आला. पूर्ण आला.
त्याच्या मागोमाग राखाडी,
आणि साहेबांनी हात वर केला. बंद.

आता सिमेंट चोवीस तास एकटं बसेल.
पुढची तीस वर्षं त्याच्या नावानं.
रिपोर्टमध्ये चौदाव्या ओळीत मी लिहिलं :
स्पेसर, सहा घनमीटर, परत आला.
‘परत आला’ला तिथं रकाना नव्हता,
समासात लिहिलं.

प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात
तो पसरून पडला होता, वर कोवळं ऊन.
तारेखालून कुणाची तरी शेळी आत आली,
तहानलेली, थेट काठाकडे.
इस्राईलभाई चहा प्यायला बोलावत होते.
मी हातातली वही हलवत,
हुर्र हुर्र करत
शेळी आणि खड्ड्याच्या मधात
उभी राहिले.